ड्रायसूटचे मनगटाचे सील घरी बदललेत का कुणी? (लॅटेक्स, सेकंडहँड सूट)

गारठलेली_मुंबईकरीण

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा विचित्र आहे पण इंग्रजीत कुठे विचारलं की लोक सरळ "दुकानात देऊन टाक" म्हणतात आणि विषय संपवतात, म्हणून इथे विचारतेय. मी डायव्हिंग शिकले तारकर्लीला. तिथे पाणी २८ डिग्री, वेटसूट (पाणी आत येऊ देणारा रबरी सूट) घातला काय न घातला काय सारखंच. आता नोकरीमुळे लेस्टरला आहे आणि इथे डायव्ह म्हणजे स्टोनी कोव्ह, पाण्याने भरलेली जुनी दगडाची खाण. मार्चमध्ये खाली कॉम्प्युटर ६ डिग्री दाखवत होता. म्हणून ड्रायसूट घेतला, म्हणजे अंगाला पाणी लागू न देणारा सूट, पाणी अडवायला मनगटाला आणि गळ्याला रबरी सील असतात. सेकंडहँड, ट्रायलॅमिनेटचा (तीन थरांच्या कापडाचा), विकणारा माणूस चांगला सहा फूट होता.

तर झालं काय, दुसऱ्याच डायव्हला डावा हात कोपरापर्यंत चिंब. उजवा थोडा कमी. वर आल्यावर आतल्या थर्मलची बाही पिळली तर कपभर पाणी निघालं, आणि बोटं इतकी बधिर की बीसीडीचं (सिलिंडर अडकवायचं, हवा भरता येणारं जॅकेट) बकल मला उघडताच येईना, शेवटी बडीने, म्हणजे डायव्हच्या जोडीदाराने, लहान मुलाच्या दप्तराचे पट्टे काढावेत तसं माझं सगळं उतरवलं. लाज वाटली पण काय करणार.

सील लॅटेक्सचे आहेत, कोनासारखे निमुळते. टेबलावर सपाट ठेवून टोकाची रुंदी मोजली, साडेसात सेंटिमीटर. माझं मनगट गोल मोजलं तर १४. दुकानवाला म्हणतो तीन आठवडे लागतील आणि मजुरीचा आकडा ऐकून मी फोन ठेवला. मग डोक्यात आलं ते असं, १) केसांचा जाड रबरबँड वरून लावायचा, २) सीलला एका बाजूने चुणी घालून शिवून टाकायची (आई ब्लाऊज अल्टर करते तसं), ३) नवे सील आणून घरी चिकटवायचे, ४) ते रिंगवाले सिस्टम बसवायचे म्हणजे सील आणि ड्राय ग्लोव्ह दोन्हीचं काम होईल. बाह्यापण दोन बोटं लांब आहेत मला. कुणी हे घरी केलंय का? खरंच होतं का, का मी वेडी आहे?

पंक्चरवाला

ताई वेड्या नाही आहात, फक्त शिवायचं तेवढं डोक्यातून काढा. सुईचं प्रत्येक भोक म्हणजे पाण्याला एक दरवाजा, आणि लॅटेक्सला भोक पडलं की ते तिथून फाटत जातं. रबरबँडचंही तेच, तो एका रेघेत दाबतो, रक्त अडवतो, आणि खालचं सैल लॅटेक्स गोळा होऊन त्याच्या चुण्या पडतात, प्रत्येक चुणी म्हणजे एक छोटी पन्हळ. सील रुंदीवर चालतं, म्हणजे चार-पाच सेंटिमीटर कातडीला ते सपाट लागून बसलं पाहिजे, दाब अगदी हलका असला तरी चालतो.

आता तुमचाच आकडा बघा. सपाट साडेसात म्हणजे गोल १५. मनगट १४. म्हणजे ते सील नाहीच, ते बाहीचं टोक आहे! आधीच्या माणसाने स्वतःच्या मनगटाला कापून घेतलंय आणि कापलेलं लॅटेक्स परत वाढत नाही. तुम्हाला गोल साडेबारा-पावणेतेराच्या आसपास पाहिजे, सपाट मोजलं तर सव्वासहा धरा. मनगटापेक्षा साधारण दहा टक्के कमी, थोडं इकडेतिकडे. म्हणजे तिसरा पर्याय. नवे सील.

मी एडिंबराला असतो, माझे आणि क्लबातल्या चार-पाच जणांचे सील घरीच बदललेत. आणि खरं सांगू का, ज्याने लहानपणी सायकलचं पंक्चर काढताना बघितलंय त्याला हे काम अर्धं येतंच. आठवा, तो काका काय करायचा? ट्यूब कानशीने घासायचा, सोल्यूशन लावायचा, फुंकर मारून वाळू द्यायचा, आपण घाई करायचो आणि तो म्हणायचा थांब रे, ओलं असताना चिकटत नाही. मग ठिगळ ठेवून हातोडीने ठोकायचा. बस. हे अगदी तेच आहे, फक्त ट्यूबच्या जागी बाही.

सूट उलटा करायचा नाही, सुलटाच. बाहीत काहीतरी गोल आणि टणक घालायचं म्हणजे ती ताणून बसेल, मी दोन लिटरची कोल्ड्रिंकची बाटली घालतो, झाकण घट्ट लावून, बाही बारीक असेल तर लहान बाटली घ्या. जुनं सील कुठे संपतं तिथे आधी पेनने रेघ मारा, नाहीतर नंतर कळत नाही कुठपर्यंत चढवायचं. जुनं काढायला हेअर ड्रायर किंवा हीट गन, हळूहळू गरम करत सोलायचं. हीट गन असेल तर जपून, ट्रायलॅमिनेट म्हणजे दोन कापडांच्या मधे रबराचा थर, जास्त तापलं की ते थर सुटतात आणि मग सील राहिलं बाजूला, बाहीच गेली. जुना ग्लू सगळा निघालाच पाहिजे असं नाही, जो घट्ट बसलाय तो राहू दे, सुटेल तेवढाच काढा.

तुमच्या बाह्या लांब आहेत ना, मग उलट चांगलंच आहे. जुनं चिकटवलेलं काढत बसूच नका, तो सगळा भागच कापा आणि वर स्वच्छ कापडावर नवं सील लावा. पण आधी सूट घालून, आतले थर्मल घालून, दोन्ही हात डोक्यावर नेऊन सिलिंडरचा व्हॉल्व्ह पकडायला जाता तसं करून बघा. उभं राहून हात खाली सोडले की सगळ्यांच्या बाह्या लांबच वाटतात. आणि मगच कापा, तेही जेवढं वाटतंय त्याच्या निम्मं.

नवं सील अडीच सेंटिमीटर तरी कापडावर चढलं पाहिजे. सीलची आतली बाजू तेवढ्या पट्ट्यात पॉलिश पेपरने घासायची, चकाकी जाईपर्यंतच, भोक पाडायचं नाही. मग दोन भाग मिसळायचा निओप्रीनचा ग्लू, दोन्हीकडे पातळ हात, वीस मिनिटं वाळू द्या, दुसरा हात, परत वाळू द्या. बोटाच्या मागच्या बाजूने हात लावला तर चिकट वाटतंय पण बोटाला लागत नाही, अशा वेळी जोडायचं. एकदा टेकलं की सुटत नाही हे लक्षात ठेवा, म्हणून सील आधीच बाटलीवर उलटं दुमडून ठेवायचं आणि रेघेवरून, दुमडलेला पायमोजा उलगडावा तसं, उलगडत आणायचं, सुरकुती येऊ द्यायची नाही. मग लाटण्याने दाबायचं. हो, लाटणंच. आमच्या घरात दोन लाटणी आहेत आणि कुठलं कुणाचं यावर एकदा मोठं भांडण झालंय. खिडक्या उघड्या ठेवा, त्या वासाने डोकं फिरतं. चोवीस तास बाटली काढू नका.

व्हँकुव्हरची_वैनी

पंक्चरवाल्यांचं सगळं पटलं पण तो ग्लू पहिल्यांदा करणाऱ्यासाठी नको असं माझं मत. एकदा टेकलं की संपलं, मग तिरकं बसलं तर रडत बसा. मी ॲक्वासील वापरते, युरेथेनचं, मधासारखं दाट असतं. पातळ पसरायचं, सील चढवायचं, हवं तसं सरकवून नीट करायचं, वरून इलेक्ट्रिकलच्या चिकटपट्टीने हलके वेढे द्यायचे आणि रात्रभर विसरून जायचं. सकाळी उठून चहा घेतला की तयार, खरं तर पूर्ण २४ तास ठेवलेलं बरं. घाई असेल तर त्यात घालायचं वेगळं लिक्विड मिळतं, दोन-एक तासात घट्ट होतं पण मग सरकवायला वेळ कमी मिळतो, म्हणजे मूळ फायदाच गेला.

माझा पहिला प्रयत्न सांगते, मी चिकटपट्टी इतकी आवळून गुंडाळली की सगळा ग्लू बाजूने बाहेर आला आणि आत काही राहिलाच नाही. दुसऱ्या दिवशी बाटली ओढली तर सील अलगद हातात. त्यामुळे आवळू नका, फक्त जागेवर धरून ठेवायचंय.

पंक्चरवाला

वैनी, पहिल्या वेळेला सोपं पडतं हे मान्य, पण तीन वर्षांनी तेच सील काढायला गेलात की कळतं. युरेथेन कापडात मुरतं, गरम करूनही सहजी सुटत नाही, खरवडत बसावं लागतं. माझा ग्लू ड्रायरने सोलून निघतो. लॅटेक्स काय कायमचं नसतं, नीट सांभाळलं तरी काही वर्षांत जातंच, म्हणजे काढायची वेळ येणारच आहे.

व्हँकुव्हरची_वैनी

मी खरवडत नाही, जुन्या लॅटेक्सचा दोन सेंटिमीटरचा पट्टा तसाच ठेवते आणि नवं त्यावरच चिकटवते. लॅटेक्सला लॅटेक्स झकास बसतं. हां, तिसऱ्यांदा तसं केलं तर मनगटावर टायर तयार होतो ते खरं.

ओस्लोकर

चौथ्या पर्यायाबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. इथे नॉर्वेत बहुतेक सगळे रिंग आणि ड्राय ग्लोव्हवरच, फियॉर्डमध्ये (डोंगरांमधून आत शिरलेली समुद्राची खाडी) फेब्रुवारीत ओले ग्लोव्ह, म्हणजे पाणी आत येणारे, घालून चाळीस मिनिटं काढून दाखवा मग बोलू. बाहीत एक कडक प्लास्टिकची रिंग बसते आणि सील त्यात नुसतं अडकवलेलं असतं, सिटेकचं क्यूसीएस बघा, स्वीडिश कंपनी आहे. सील फाटलं तर गाडीच्या डिकीवर बसून पाच-दहा मिनिटांत नवं लावून डायव्हला जाता येतं. ग्लू नाही, लाटणं नाही, भांडण नाही 😄

आणि सिलिकॉनचं सील हवं असेल तर रिंगशिवाय पर्याय नाही, कारण सिलिकॉनला यातला कुठलाच ग्लू धरत नाही. सिलिकॉन मऊ असतं, लॅटेक्सची ॲलर्जी असलेल्यांना बरं, उन्हाने चिकट होत नाही, पण नखाचा एक ओरखडा बसला की टर्रकन उभं फाटतं.

दोन गोष्टी मात्र आधी बघा. एक, तुमचा हात लहान आहे, रिंग गोल आणि कडक, बारीक हातावर ती खुळखुळते आणि मनगटाच्या हाडाला टोचते. लंबगोल रिंग मिळतात, त्या घ्या. दुसरं, ड्राय ग्लोव्ह लावले की खाली जाताना ग्लोव्हमधली हवा दाबली जाते आणि हात कुणीतरी मुठीत आवळल्यासारखा होतो, दहा मीटरला हवा निम्मी होते हे गणित तिथेही लागू. म्हणून सीलच्या खालून एक बारीक मऊ नळी किंवा जाड दोरा घालतात, म्हणजे सूटमधली हवा ग्लोव्हमध्ये जाते. पण मग ग्लोव्ह फाटला तर त्याच वाटेने पाणी सूटमध्ये. माझा एकदा बोटीच्या शिडीवर फाटला होता, नशीब वर येतानाच. त्यामुळे मी म्हणेन, यंदा साधं सील लावा, त्याच्यावर जाड ओले ग्लोव्ह, आणि पुढच्या हिवाळ्यात रिंग.

नवीन_डायव्हर_पुणे

सील चढवताना त्रास होत असेल तर थोडं खोबरेल तेल लावलं तर?

बांगडी_दोन_चार

अरे बाबा नको!! तेल, व्हॅसलीन, सनस्क्रीन, हँडक्रीम, काहीही तेलकट लॅटेक्सला लागलं की ते फुगतं, मऊ पडतं आणि शेवटी चिकट चिखल होतो. माझं पहिलं सील मी असंच मारलं, खोबरेल नव्हे तर सकाळी हाताला लावलेलं मॉइश्चरायझर, महिन्यात कड चिकट झाली आणि बोटाचा ठसा उमटून तसाच राहायला लागला. तसं झालं की सील मेलं समजायचं. टाल्कम लावा, तेही बिनवासाचं, वासाच्या पावडरीत सुगंधी तेलं असतात. नाहीतर साबणाचं पाणी किंवा बेबी शांपू पातळ करून.

गारठलेली, तुझं दुखणं मला बरोबर कळलं कारण माझंही तेच आहे, नावातच आहे बघ. दोन-चारची बांगडी म्हणजे आतून सव्वादोन इंच व्यास, गोल मोजलं तर जवळपास १८ सेंटिमीटर, म्हणजे अंगठा आत घेऊन हात तेवढ्यातून जातो. आणि मनगट १४. आपल्या सीलला साडेबारावरून अठरापर्यंत ताणून परत साडेबारावर यायचंय, प्रत्येक वेळी. पातळ लॅटेक्स हे हसत करतं. निओप्रीनचं (फोमसारख्या रबराचं) सील उबदार आणि टिकाऊ असतं पण ते ताणून ताणून सैल पडतं, म्हणून मनगटाच्या मानाने हात मोठा असलेल्यांनी त्याच्या नादी लागू नये असं माझं मत, इथे काही लोकांना पटणार नाही.

आता युक्ती. लग्नात कासारीण बांगड्या भरताना हाताला प्लास्टिकची पिशवी घालते आठवतंय? अगदी तीच. पातळ पिशवी हातात मोज्यासारखी घालायची, अंगठा करंगळीकडे दुमडायचा, हात चोचीसारखा करायचा आणि सुळकन आत, मग पुढून पिशवी ओढून काढायची. घड्याळ, अंगठ्या आधी काढ, नखं काप. काढताना टोकाची कड धरून ओढायचं नाही, दुसऱ्या हाताची दोन बोटं सीलच्या आत मनगटाला चिकटवून सरकवायची आणि हात मागे ओढायचा. सील फाटतात ती पाण्यात नाही, पार्किंगमध्ये घाई करताना.

अजून एक, मूठ आवळून मनगट वाकवून बघ, आतल्या बाजूला दोन दोऱ्या वर येतात की नाही? बारीक मनगटाला त्या दोऱ्यांच्या मधे खड्डा पडतो आणि सील तिथे पूल बांधतं, पाणी खालून. सील घट्ट करून ते जात नाही. हाडाच्या वर, कोपराच्या दिशेने दोन बोटं सरकवून बसव, तिथे हात गोल असतो. मी तर म्हणते नवं सील लावायच्या आधी जुनंच तेवढं वर सरकवून एकदा बघ, १५ आहे म्हणजे थांबणार नाही पण कमी नक्की होईल.

गारठलेली_मुंबईकरीण

बापरे, इतकी उत्तरं! सगळ्यांचे खूप आभार. तीन आठवडे झाले, अहवाल देते.

जुनं सील वर सरकवून एक डायव्ह केला, गळती निम्म्याने कमी झाली, म्हणजे अर्धा दोष दोऱ्यांचा होता. मग नवे कोनवाले सील मागवले आणि हिंमत करून बाहीला कात्री लावली. तीन सेंटिमीटर कापणार होते, दीडच कापलं. पंक्चरवाल्यांचा सल्ला ऐकला नसता तर आज बाह्या तोकड्या असत्या, हात वर केल्यावर कळलं.

ग्लू मात्र वैनींचा. उजवं पहिल्या झटक्यात बसलं, अगदी दुकानातल्यासारखं. डाव्याला शेवटच्या बाजूला एक चुणी राहिली, तांदळाच्या दाण्याएवढी, मी म्हटलं एवढ्याने काय होतंय. नंतर सूट तपासला, सीलमध्ये दोन बाटल्या, गळ्यात नवऱ्याचा फुटबॉल, सिलिंडरच्या होजने (रबरी नळीने) हवा भरली आणि भांडी घासायचं लिक्विड पाण्यात कालवून ब्रशने सगळीकडे लावलं. बरोबर त्या तांदळाच्या दाण्यातून बुडबुडे! फुर्र फुर्र आवाज पण येत होता. मग चुणीच्या आत काडीने ग्लू सारला, वरून पट्टी, अजून एक दिवस.

कापायचं काम सर्वात भीतीचं. सीलवर गोल रेघा असतातच, ताजी धारदार मोठी कात्री घेतली, सील बाटलीवर चढवलेलंच ठेवलं आणि एकेक रेघ. दर वेळी घालून दहा मिनिटं टीव्ही बघत बसायचं, बोटं जड पडली किंवा मुंग्या आल्या तर अजून एक रेघ. उजव्याच्या तीन रेघा गेल्या, डाव्याच्या दोनच, दोन्ही मनगटं सारखी नसतात हे मला ३४ वर्षांनी कळलं.

मग बाथटब. मनगटाच्या वर हाताभोवती किचनचा टिश्यू गुंडाळला, सूट घातला आणि टबात दोन्ही हात बुडवून पंधरा मिनिटं बसून मुठी आवळत सोडत राहिले. टिश्यू कोरडा. नवरा दारात उभा राहून फोटो काढत होता.

शनिवारी परत स्टोनी कोव्ह. आधी सहा मीटरच्या कट्ट्यावर दहा मिनिटं नुसती बसले, मग खाली स्टेनगार्थपर्यंत, ती जुनी टगबोट बुडवून ठेवलीय ना, तिथपर्यंत. ३१ मिनिटं, पाणी ८ डिग्री. उजवा हात कडकडीत कोरडा, डाव्याला जुन्या दहा रुपयाच्या नाण्याएवढा ओला डाग. बकल मी स्वतः उघडलं!!

आता एक शेवटचं, गळ्याचं सीलपण जरा घट्ट वाटतंय, त्यालाही एखादी रेघ कापू का, का ताणून सैल होईल?

पंक्चरवाला

मस्त! तो डाग घामाचा पण असू शकतो, पुढच्या वेळी टिश्यू परत गुंडाळा. तीच जागा ओली झाली तर गळती, सगळीकडे दमट असेल तर घाम.

गळ्याला हात लावताना जरा वेगळा विचार करा. मनगट घट्ट असलं तर मुंग्या येतात, गळा घट्ट असला तर मानेतल्या रक्तवाहिनीवर दाब येऊन हृदयाचे ठोके मंदावतात, चक्कर येते, आणि ते पाण्याखाली नको. त्यामुळे घट्ट आहे म्हणताय तर तसंच सोडूही नका. आधी मोठ्या पातेल्यावर दोन-तीन रात्री ताणून ठेवा, मग अर्धा तास घालून बसा, मान वळवा, खाली बघा. डोकं जड वाटलं, चेहरा तापला तर एक रेघ कापा, एकच, आणि परत अर्धा तास. आणि जमल्यास क्लबातल्या कुणालातरी घातलेलं दाखवा.

बांगडी_दोन_चार

अभिनंदन गं! आणि सूट बॉयलरच्या खोलीत टांगू नकोस, उष्णतेने आणि मोटारीजवळच्या ओझोनने लॅटेक्स लवकर तडकतं. पावडर लावून, सील मोकळे सोडून, अंधाऱ्या कपाटात. जुने सील टाकलेस का?

गारठलेली_मुंबईकरीण

नाही टाकले, गोल गोल कापून रबरबँड केलेत. दोन टॉर्चच्या दोरीला लावले, एक बॅकअप रेग्युलेटरच्या (श्वास घ्यायच्या जादा तोंडीच्या) होजला, आणि एक पोह्यांच्या पिशवीला. पातेलं आत्ताच गळ्यात घालून ठेवलंय, उद्या कुकरचं बघू.